खाडी कुठून म्हणायची? मिठी नदी, माहीमची खाडी आणि 'नाला'

प्रश्न असा आहे: "मुंबईतल्या एकाच प्रवाहाला बातम्यांत कधी 'मिठी नदी', कधी 'माहीमची खाडी', तर पावसाळ्याच्या तोंडावर 'मिठी नाला' म्हटलेलं दिसतं. यातलं बरोबर काय? खाडी म्हणजे छोटी नदी का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण घोळ तिथेच आहे. खाडीचा लहानमोठेपणाशी संबंध नाही. भरतीबरोबर समुद्राचं पाणी जमिनीत जिथपर्यंत शिरतं आणि ओहोटीबरोबर परत फिरतं, तेवढ्या पाण्याला खाडी म्हणतात. तिला वरून नदी येऊन मिळत असेल किंवा नसेलही. ठाण्याची खाडी वाशीपाशी भल्या मोठ्या नदीहून रुंद आहे, पण तिच्या माथ्यावर तिची अशी मोठी नदी नाही. उल्हास नदी तिथे एका अरुंद फाट्याने जोडलेली आहे खरी, पण उल्हासचं मुख्य पाणी वसईच्या खाडीने समुद्रात जातं.

तेव्हा 'मिठी नदी' आणि 'माहीमची खाडी' ही दोन्ही नावं बरोबर आहेत, मात्र ती एकाच प्रवाहाच्या दोन वेगवेगळ्या भागांची आहेत. कोकणात ही पद्धत जुनी आहे. वरच्या गोड्या पाण्याला नदीचं नाव आणि खालच्या खाऱ्या पाण्याला मुखाजवळच्या गावाचं किंवा बंदराचं नाव. सावित्री नदीची बाणकोटची खाडी होते, वाशिष्ठीची दाभोळची, शास्त्रीची जयगडची, कुंडलिकेची रेवदंड्याची, अंबेची धरमतरची, काजळीची भाट्याची, मुचकुंदीची पूर्णगडची. खाडी वापरणारा माणूस गलबतातून समुद्राकडून आत यायचा. त्याला कुठल्या बंदरात शिरायचं हे महत्त्वाचं होतं, वर डोंगरात नदीचं नाव काय आहे याचं त्याला काम नव्हतं. मुंबईच्या उपनगरांतही हाच नियम चालतो: ओशिवरा नदी मालाडच्या खाडीला मिळते, दहिसर नदी मनोरीच्या खाडीला आणि मिठी माहीमच्या खाडीला. म्हणून 'मिठीची खाडी' कानाला खटकतं, ते योग्यच आहे.

आता हा प्रवाह प्रत्यक्ष पाहू. विहार आणि पवई या दोन तलावांच्या सांडव्यांचं पाणी एकत्र येतं तिथून मिठी धरली जाते. लांबी सुमारे १८ किलोमीटर, पाणलोट सुमारे ७३ चौरस किलोमीटर. मरोळ, साकीनाका, विमानतळाच्या धावपट्टीखालून पुढे कुर्ला-कालिना, मग वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी आणि शेवटी माहीमच्या पुलाखालून समुद्र. विहारचं धरण १८६० साली पुरं झालं, पवईचं १८९१ च्या सुमारास. त्याआधी डोंगरातून थेट उतरणारं पाणी तेव्हापासून तलावात अडतं आणि तलाव भरून वाहू लागले तरच खाली येतं. पावसाळा सरला की वरून येणारं नैसर्गिक पाणी जवळजवळ थांबतं. उरलेले आठ महिने मिठीतून वाहतं ते वस्त्यांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी. खालच्या भागात मात्र समुद्र वर्षाचे बाराही महिने दिवसातून दोनदा येतो-जातो. पाण्याच्या दृष्टीने पाहिलं तर या प्रवाहातला आजही जिवंत राहिलेला भाग खाडीचाच आहे. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काठाने तिवरांची रांग टिकून आहे ती त्यामुळेच.

या खाडीचा इतिहास तिच्या आकाराच्या मानाने फार मोठा आहे. माहीमपासून शीवपर्यंत खाडी आणि खाजणांचा, म्हणजे भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या चिखलाच्या जमिनींचा, सलग पट्टा मुंबई बेटाला साष्टीपासून (आजची उपनगरं आणि ठाणे जिथे आहेत त्या उत्तरेकडच्या बेटापासून) तोडत होता. 'शीव' या नावाचा अर्थच हद्द. गावाची शीव म्हणतो तोच हा शब्द. सतराव्या शतकात मुंबई इंग्रजांकडे गेली आणि साष्टी पोर्तुगीजांकडे राहिली, तेव्हा ही खाडी दोन युरोपीय सत्तांमधली सीमा झाली. वांद्र्याच्या टोकावर पोर्तुगीजांचा किल्ला, समोर माहीमला इंग्रजांचा. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि खाडीपलीकडचा शेजारी बदलला. धारावीचा काळा किल्ला, म्हणजे रिवा किल्ला, याच १७३७ चा. गव्हर्नर हॉर्न यांच्या नावाचा शिलालेख त्यावर आहे. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी जिंकून घेईपर्यंत माहीमच्या खाडीच्या एका काठाला ईस्ट इंडिया कंपनी आणि दुसऱ्या काठाला पेशवाई होती. आज लोकल गाडीतून मिनिटभरात ओलांडला जाणारा हा पाण्याचा पट्टा सुमारे सदतीस वर्षं मराठी राज्याची सरहद्द होता, हे शाळेच्या पुस्तकातल्या नकाशात ठळकपणे दाखवायला हवं.

सीमा मिटल्यावर पूल आले. शीव आणि कुर्ल्यामधला बांधरस्ता डंकन गव्हर्नर असताना, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. माहीम-वांद्रे बांधरस्ता १८४५ साली खुला झाला. त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही ही त्यांची अट होती. बांधरस्ता म्हणजे दोन्ही बाजूंनी भराव आणि मध्ये मोजकं तोंड. भरतीचं पाणी पूर्वी पसरट काठांवरून आत शिरत असे, ते आता त्या तोंडातूनच येऊ-जाऊ लागलं. असं तोंड आवळलं की आतल्या बाजूला पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ बसतो. पुढे भराव घालणं सोपं होतं ते अशाच ठिकाणी. १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाचं नियोजन एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, आलं. त्या ३७० हेक्टर सखल जमिनीचं वर्णन 'मिठी नदी, वाकोला नाला आणि माहीमची खाडी यांच्या दोन्ही बाजूंची' असं केलं जातं. तीन शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी, नेमके वापरलेले.

मग नदी संपून खाडी सुरू होते ती जागा कोणती? ती जागा स्थिर नसते. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, ती वर सरकते, भांगाच्या, म्हणजे अष्टमी-नवमीच्या मंद भरतीच्या, दिवसांत खाली येते, श्रावणात पुराच्या गोड्या पाण्यामुळे खूप खाली ढकलली जाते आणि मे महिन्यात सगळ्यात वर जाते. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनी यावर एक कसोटी ठरवली आहे: वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजार भागांना पाच भाग, म्हणजे लिटरला साधारण पाच ग्रॅम मीठ, जिथपर्यंत सापडते तिथपर्यंत भरतीचा प्रभाव मानायचा. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण साधारण पस्तीस असतं. कागदोपत्री त्या पाण्याला नदी म्हटलंय की नाला, याने फरक पडत नाही. खाडीकाठी भरतीरेषेपासून किती अंतरापर्यंत बंधन, तेही याच हद्दीत ठरतं: २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते, २०१९ च्या अधिसूचनेत १०० च्या जागी ५० मीटर आले.

मोजताना दोन चुका हमखास होतात. एक, नमुना वरवरच्या पाण्याचा घेतला जातो. खारं पाणी जड असल्यामुळे तळाशी पाचरीसारखं आत शिरतं आणि वर गोडं किंवा सांडपाणी तरंगत राहतं; वरचं पाणी तपासलं तर खाडी आहे त्यापेक्षा आखूड वाटते. तळाजवळचा नमुनाही घ्यायलाच हवा. दुसरी चूक वेळेची. मोजणी मे महिन्यात, उधाणाच्या दिवशी, पूर्ण भरतीला व्हायला हवी. जुलैत केलेल्या मोजणीतून काहीच कळत नाही.

उपकरण नसेल तर काठ वाचावा. तिवर, मारांडी, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, दगडांना चिकटलेली कालवं दिसली तर ती खाडी. पाणकणीस दाट उभं असेल तर खारं पाणी तिथे फारसं पोचत नाही. जलपर्णीवर मात्र विसंबू नये. ती मिठाने मरते, पण पुराबरोबर वाहत येऊन खाडीत दिवसचे दिवस हिरवी दिसते.

भरतीची वेळ काढायची कोळीवाड्यातली रीत इथे उपयोगी पडते: पंधरवड्यातल्या तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा अंदाज आहे, तासभर मागेपुढे होतो, आणि खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते. दुसरी भरती साडेबारा तासांनी, मधली ओहोटी साधारण सहा तासांनी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमी-नवमीच्या आसपासच्या मंद भरतीला भांग. 'उधाणाची भरती' असं लिहिणं चालेल, पण 'भरतीला उधाण आलं' यात दोन शब्दांचा अर्थ एकमेकांत मिसळतो. उधाण समुद्राला येतं.

खाडी म्हणजे काय हे विसरलं की काय होतं ते २६ जुलै २००५ ला दिसलं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी भरती होती. वरून आलेल्या पाण्याला खाली जागाच नव्हती. पूर्वी अशा वेळी खाजणं ते पाणी पसरून घेत आणि ओहोटी लागली की सोडून देत. ती खाजणं भरावाखाली गेली होती. त्यानंतर पात्र रुंद आणि खोल करण्याची, भिंती बांधण्याची कामं झाली. तळ खोल केला की पाणी लवकर उतरतं, पण कोरड्या दिवसांत खारं पाणीही आणखी वर चढतं. खाडीची सुरुवात अशा रीतीने माणसाच्या हातूनही सरकते.

'नाला' या शब्दाबद्दल मात्र ठाम सांगायला हवं. वाकोला नाला हे एका ठरावीक उपप्रवाहाचं नाव आहे, ते तसंच लिहावं. मिठीला नाला म्हणणं चूक आहे. पावसाळ्याआधीच्या नालेसफाईच्या यादीत तिचा गाळही मोजला जातो आणि तिथून हा शब्द बातम्यांत उतरतो. ७३ चौरस किलोमीटरचं पाणलोट, उपप्रवाह आणि समुद्राला मिळणारं मुख असलेल्या प्रवाहाला नदी हाच शब्द आहे. एकदा नाला म्हटलं की त्यात सांडपाणी सोडणं स्वाभाविक वाटू लागतं, म्हणून हा आग्रह.

खाडीच्या शेजारचे शब्दही एकमेकांच्या जागी वापरू नयेत. भरतीला पाण्याखाली जाणारी चिखलाची सखल जमीन म्हणजे खाजण. बांध घालून तिथे भातशेती केली की ती खारजमीन. बांधातलं पाणी ओहोटीला सोडायचं आणि भरतीला अडवायचं दार म्हणजे रायगडात उघाडी, गोव्यात मानस. खाडीच्या दोन्ही काठांचा मुलूख म्हणजे खाडीपट्टा, जसा महाडचा.

हिंदीतल्या 'खाड़ी'चा आवाका याहून पुष्कळ मोठा आहे, आणि मराठीत तो उसना आणण्याचं कारण नाही. हिंदीत 'बंगाल की खाड़ी', मराठीत बंगालचा उपसागर. हिंदीत 'खाड़ी देश', मराठीत आखाती देश. खंबातचं आणि कच्छचंही आखातच.

इंग्रजी 'क्रीक'चं भाषांतर करताना तर जास्त सावध राहावं. ब्रिटनमध्ये या शब्दाचा रूढ अर्थ समुद्राचं आत शिरलेलं अरुंद पाणी असा आहे, म्हणून मुंबईच्या इंग्रजीत तो खाडीला नीट बसला. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात मात्र गोड्या पाण्याच्या ओढ्यालाही क्रीकच म्हणतात. ऑस्ट्रेलियातला कूपर क्रीक समुद्रापर्यंत जातच नाही, देशाच्या आत आयर सरोवराकडे वाहतो. त्याला 'कूपरची खाडी' म्हणणं साफ चूक ठरेल. तिथल्या उपनगरांत घरांमागून वाहणाऱ्या क्रीकला मराठीत ओढा म्हणावं, कोकणी वळणाचं लिहायचं असेल तर वहाळ किंवा पऱ्ह्या. त्यात भरतीचं पाणी येत असेल तरच खाडी.