गावची जुनी पाणंद प्लॉटिंगखाली चाललीय, तिच्यातनं जनावरंपण ये-जा करतात, वाचवता येईल का?

राम राम. तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की गावापासून शहराच्या कडेपर्यंत येणारी जुनी पाणंद, म्हणजे शेतांमधनं जाणारी गाडीवाट, आहे, मधल्या शेतकऱ्यांनी दोन्हीकडून नांगर घालत घालत ती निम्मी केली, शहराच्या तोंडाला प्लॉटिंगवाल्यानं तार मारली, आणि त्या झुडपांत अजून मोर, खोकड, एखादवेळेस लांडगापण दिसतो, तर हे "वन्यजीव कॉरिडॉर" म्हणून वाचवता येतं का. मी वनखात्यातला नाही आणि वकीलपण नाही, लातूरला गंजगोलाईजवळ बी-बियाणाचं दुकान आहे आणि गाव तिथून नऊ किलोमीटर. पण या पाणंदीच्या भानगडीत पाच-सहा वर्षं घातलीत आणि त्यात एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, तहसीलला गेल्यावर कॉरिडॉर हा शब्द काढूच नका. अभयारण्याबाहेर, शेतजमिनीत, खोकडाच्या नावानं कागद कुठंच नसतो. गाडीवाटेच्या नावानं असतो. साहेब लोकांना शेतरस्ता कळतो, कलम कळतं, आणि गावातले चार शेतकरी जे मोरासाठी कधीच सही करणार नाहीत ते ऊस बाहेर काढायच्या रस्त्यासाठी सकाळी सात वाजता सही करायला हजर असतात. तेव्हा अर्ज माणसाच्या वाटेचाच करायचा.

त्यासाठी आधी नकाशा. भूमी अभिलेखच्या ऑफिसातनं गावनकाशाची नक्कल काढा, आणि नुसता गटाचा नवीन नकाशा घेऊन गप बसू नका, सर्व्हे नंबरचा जुना पण मागा, कारण एकत्रीकरणात, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून, गट पडले तेव्हा बऱ्याच वाटा नव्या नकाशात उतरल्याच नाहीत असं आमच्याकडं दोन ठिकाणी निघालं. नकाशात गाडीवाट दोन तुटक रेषांनी असते, पाऊलवाट एका तुटक रेषेनं. गाडीवाट साधारण साडेसोळा ते एकवीस फूट धरतात आणि पाऊलवाट सव्वाआठ फूट. हे सव्वाआठ न् साडेसोळा कुठून आलं म्हणून मला लई दिवस कोडं होतं, मग एका रिटायर भूमापकानं सांगितलं की मोजणीची साखळी तेहतीस फुटाची, अर्धी साखळी साडेसोळा, पाव साखळी सव्वाआठ. (तेहतीस गुणिले तेहतीस केलं की एक हजार एकोणनव्वद, म्हणजे आपला एक गुंठा. चाळीस वर्षं शेतात गेली न् मला हे माहीत नव्हतं.) आपल्या मराठवाड्यात अजून एक कटकट म्हणजे 1948 पर्यंत निजामाचं राज्य, त्यामुळं जुना काही कागद उर्दूत निघतो, तेव्हा एखादे रिटायर उर्दूचे गुरुजी गाठून ठेवा, ते चहावर वाचून देतात.

आता कलमं. वाट आधीपासून वापरात होती आणि कुणी अडवली असेल तर मामलेदार कोर्ट अधिनियम 1906 चं कलम 5, तहसीलदाराकडं अर्ज, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत, हे सहा महिने लोक पाव्हण्यारावळ्यांच्या मध्यस्थीत घालवतात आणि मग हात चोळत बसतात. वाट नव्हतीच आणि बांधावरून नवीन पाहिजे असेल तर जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143. तुमचं प्रकरण पहिल्यातलं वाटतंय. शिवाय मे 2025 मध्ये शासनानं निर्णय काढलाय की शेतरस्ता किमान तीन-चार मीटरचा द्यायचा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यायची. ही नोंद करून घ्याच, कारण पुढं जमीन प्लॉटवाल्यानं घेतली तर त्याला रस्ता माहीतच नव्हता असं म्हणता येत नाही.

इथपर्यंत सगळं सोपं आहे बरं का, अवघड पुढं आहे.

आमच्या गावच्या पहिल्या पाणंदीचं सांगतो. नकाशा निघाला, मोजणी झाली, खुणा रोवल्या, पाणंद मोकळी करायचा दिवस ठरला. सगळं गाव खूश, मी तर जास्तच. जेसीबी आला सकाळी नवाला. दोन्ही बाजूला बोरी, हिवर, तरवड, निरगुडी, मध्येच जुने निवडुंगाचे जाळे, माणूसभर उंच, आमच्या आज्ज्याच्या वेळचं असावं. साडेदहाला मी डबा आणायला घरी गेलो, बाराला परत आलो तर वाट अशी मोकळी झालेली की या टोकाहून त्या टोकाचा मारुती दिसत होता. एकवीस फूट म्हणजे एकवीस फूट, कागदाप्रमाणं, एक काडी शिल्लक नाही. मातीच्या ढिगावर होल्याचं एक घरटं पडलं होतं, घरटं कसलं, दहा-बारा काड्या, आणि होला जोडीनं समोरच्या तारेवर बसून होता. ऑपरेटर पोरगा म्हणला, "काका, बघा कसं चकाचक केलंय." काय बोलणार, चकाचकच पाहिजे म्हणून आम्हीच वर्षभर भांडलो होतो. त्या वर्षी पावसाळ्यात तिथं मोर ओरडलाच नाही. आणि मजा म्हणजे झुडपं गेली तशी दोन्ही कडंची माती पहिल्याच मोठ्या पावसात वाटेत आली, सोयाबीन काढायच्या वेळी ट्रॅक्टर रुतला, ज्यांनी सह्या केल्या होत्या तेच मला शिव्या घालत होते.

म्हणून दुसऱ्या पाणंदीला, शहराकडं येणाऱ्या, आम्ही वेगळं केलं. गाडीला लागतात किती, तर ऊसाची ट्रॉली धरूनसुद्धा बारा-तेरा फूट. एकवीसमधले आठ-नऊ फूट राहिले, ते एकाच बाजूला ठेवायचे. दोन्हीकडं चार-चार फूट ठेवलं तर दोन वर्षांत दोन्हीकडचे शेतकरी खाऊन टाकतात, एका बाजूला पट्टा असला की दिसतो आणि मोजता येतो. शक्यतो पाणी जिकडून येतं त्या वरच्या अंगाला ठेवा, माती अडते, ही गोष्ट शेतकऱ्याला लगेच पटते. पट्टा ठेवायचा हे ग्रामसभेच्या ठरावात आधी लिहून घ्यायचं, आणि मोजणीच्या दिवशीच त्या बाजूच्या बोरीबाभळींना चुना मारायचा. शेजारचे एक आप्पा लई नाराज होते, त्यांचं म्हणणं झुडपात रानडुक्कर बसतंय आणि रात्री भुईमूग उकरतंय. ते खोटं नाही हो, हे मान्य केल्याशिवाय पुढं बोलणंच होत नाही. डुकरानं, रोह्यानं (नीलगायीनं), हरणानं पीक खाल्लं तर वनखात्याकडं नुकसानीचा अर्ज करता येतो, ते फॉर्म मी दुकानातच ठेवायला लागलो आणि आप्पांचा पहिला मीच भरून दिला. पैसे उशिरा आले, पण आले. नंतर त्यांनीच एकदा सांगितलं की खोकडं राहायला आल्यापासून बांधावरचे उंदीर कमी झालेत, आता खरंच झाले का मला बरं वाटावं म्हणून म्हणले ते देवाला माहीत.

अजून एक. कुठलं जनावर कुठून जातं ते नीट बघा, सगळी एकाच वाटेनं जात नाहीत. काळवीट झुडपाच्या बोळातनं कधी जाणार नाही, त्याला लांबवर दिसलं पाहिजे, त्याला माळ लागतं. खोकडपण तसं माळावरचंच, बीळ मात्र बांधाच्या आडोशाला करतं. मुंगूस, रानमांजर, तितर, घोरपड ही पाणंदीच्या झुडपातली. आणि लांडगा, कोल्हा रात्री ओढ्याच्या पात्रातनं चालतात, सकाळी वाळूत ठसे बघा. म्हणजे तुमची पाणंद जिथं ओढा ओलांडते ती जागा सगळ्यात महत्त्वाची, तिथं नुसते पाईप टाकून भराव केला तर पाणी जाईल पण लांडगा वर डांबरावर येईल, तिथं मोकळ्या गाळ्याचा छोटा पूल मागा. हे माझ्या मनाचं नाही. पेंचला नागपूर-जबलपूर हायवेखाली जनावरांसाठी नऊ ठिकाणी पूल आणि भुयारी वाटा केल्या, 2019 मध्ये तिथं कॅमेरे लावले तर अठरा प्रकारची जनावरं खालून जाताना सापडली, वाघपण. आपल्या ओढ्यावर वाघ नाही पण गणित तेच.

वाघ नाही म्हणतोय खरं, पण डिसेंबर 2024 मध्ये धाराशिवच्या येडशी अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला ना, तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. त्याच्या आधी 2019 ला टिपेश्वरचाच कॉलर लावलेला एक तरणा वाघ शेतं, ओढे, रस्ते तुडवत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला, तेराशे किलोमीटरच्या वर. मध्ये जंगल किती होतं? लातूर जिल्ह्यात तर जंगल एक टक्कापण नाही. मग हे जनावर इतक्या लांबून येतं ते कशातनं, तर ऊस, तुरी, ओढे आणि असल्याच पाणंदीतनं. आणि वाटांचं म्हणाल तर हा मुलूखच वाटांचा. दोन हजार वर्षांखालच्या एका ग्रीक व्यापारी टिपणात लिहिलंय की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, तिथला माल गाड्यांवर घालून भडोचला जातो. तेर म्हणजे आपलं इथलं, धाराशिव जिल्ह्यातलं, येडशीच्या जवळचंच. त्यातल्या कुठल्या गाडीवाटेवर आज तुमचा प्लॉट नंबर सतरा आहे कुणास ठाऊक.

आता शहराच्या टोकाचं. हा भाग माझ्याच्यानं नीट झाला नाही, आधीच सांगतो. आमच्या पाणंदीचं शेवटचं अर्धा किलोमीटर एका लेआउटमध्ये गेलं, आम्ही जागे झालो तोवर मंजुरी झाली होती, आता तिथं गेट आहे आणि वॉचमन विचारतो कुणाकडं जायचं. तुम्ही तसं होऊ देऊ नका. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकतीला ठराविक मुदत असते, त्या मुदतीत गावनकाशाची नक्कल जोडून लेखी हरकत द्या की इथं सरकारी वाट आहे, ती आराखड्यात दाखवा. आणि वाट नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीत गेली असेल तर एक फायदा पण आहे, शहरी भागातल्या झाडांचा 1975 चा कायदा लागू होतो, त्यात 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज वृक्ष धरतात, ते तोडायला परवानगी सहज मिळत नाही. तुमच्या वाटेवरच्या चिंचा, वड, लिंब मोजून, घेर मापून, फोटो काढून ठेवा. गावाकडच्या टोकाला ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती असते, 2002 च्या कायद्यानं, बहुतेक ठिकाणी कागदावरच असते, पण तिच्या नोंदवहीत ही वाट, ओढा, घरट्यांची झाडं लिहून घ्या. त्यानं जेसीबी थांबत नाही, पण पुढं भांडताना दाखवायला काहीतरी सरकारी शिक्का असतो.

एका बाबतीत मात्र सांभाळून. वाट गायरानातनं, म्हणजे गावच्या सरकारी चराऊ जमिनीतनं, जात असेल तर तिथं कसणारी माणसं बघून लगेच अतिक्रमण अतिक्रमण ओरडू नका. मराठवाड्यात गायरानावर दोन-दोन पिढ्या भूमिहीन कुटुंबं कसतायत, त्यासाठी मार खाल्लाय लोकांनी. आमच्याकडं तर तार न मारलेली, झटका मशीन (तारेत करंट सोडणारं) नसलेली तेवढीच रानं उरलीत, काळवीट तिथंच दिसतं. पाच एकराला काँक्रीटची भिंत घालणारा कुठं आणि दोन एकर ज्वारी पेरणारा कुठं.

विहिरींचं राहिलंच. वाटेला लागून बिनकठड्याच्या विहिरी असतील तर आधी त्यांचं बघा, आमच्याकडं दोन वर्षांत तीन कोल्हे आणि एक हरीण विहिरीतनं काढलं, त्यातलं एकच जिवंत. तीन फुटाचा कठडा बांधायला लागतात चार दिवस.

आणि वाट चालती ठेवा, हे सगळ्यात स्वस्त काम. वापर नसला की कुणीही म्हणतं इथं रस्ता कधी नव्हताच. आम्ही येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, सुरुवात केली. त्या दिवशी तसंही निम्मं लातूर रानात असतं, सगळे मोटारसायकलवर जातात, आम्ही म्हणलं शेवटचे तीन किलोमीटर पाणंदीनं चालत जायचं. पहिल्या वर्षी सोळा जण, त्यातले सहा आमच्याच घरचे. डोक्यावर उंडे-भज्जीच्या पाट्या, आंबिलाची बिंदगी दोघांत धरलेली, पोरं बोरं खात मागं. मध्येच एक लहान पोरगी थांबली न् वाळूत बोट दाखवून म्हणली कुत्र्याचे पाय. कुत्र्याचे नव्हते. त्या ठशाचा फोटो, तारीख, वेळ, जागा सगळं वहीत आहे, आता दरवर्षी तीच पोरगी वही सांभाळते. तहसीलच्या सुनावणीत "वाट वापरात आहे का" विचारलं तेव्हा आम्ही येळवसेचे तीन वर्षांचे फोटोच पुढं केले होते, वयस्कर बायका डोक्यावर पाट्या घेऊन चालताना. समोरच्या वकिलाला बोलायला काही राहिलं नाही.

तुम्ही नकाशाची नक्कल काढली की इथं कमेंटमध्ये सांगा, कुठल्या रेषा कशाच्या ते बघून सांगतो. आणि मोकळी करायच्या दिवशी डबा घरून सोबतच न्या, जागा सोडू नका, आणि जेसीबीवाल्याला चहा काम सुरू व्हायच्या आधी पाजा, चुना मारलेलं एकेक झाड हात लावून दाखवा, एकदा मशीन चालू झालं की तो गाणी लावतो, त्याला मग काही ऐकू येत नाही.