माशांच्या खाद्यात समुद्रशेवाळ टाकायचं का?

प्रश्न: ताई, माझं तिलापियाचं तळं आहे. मागच्या उन्हाळ्यात अंगावर लाल चट्टे येऊन बरीच मासळी गेली. आता खाद्यवाला म्हणतो समुद्रशेवाळाची पावडर चालू करा, औषध लागणारच नाही, आणि जितकी जास्त तितकं चांगलं. खरंय का?

उत्तर: अर्धं खरंय, उरलेलं अर्धं त्याला माल खपवायचाय म्हणून. पावडरीतलं कामाचं म्हणजे शेवाळातले खास कर्बोदकं, तपकिरी शेवाळात फ्युकॉइडन आणि लॅमिनारिन, लाल शेवाळात कॅराजीनन, हिरव्यात उल्वान. हे पोटात गेले की माशाच्या शरीराला वाटतं कुणीतरी जंतू घुसलाय, मग पांढऱ्या पेशी सावध होतात, जंतू मारणारं लायसोझाइम वाढतं, आणि माशांची भिस्त अशा जन्मजात प्रतिकारशक्तीवर आपल्यापेक्षा जास्त असते म्हणून हे त्यांना उपयोगी पडतं. पण हे व्हायला वेळ लागतो हो! त्रासाचा काळ यायच्या तीन-चार आठवडे आधी सुरू करा. चट्टे दिसल्यावर उपयोग नाही, कारण आजारी मासा खातच नाही, पावडर पोटात जाणार कशी?

आणि ‘जितकी जास्त’ वगैरे अजिबात नको. खाद्याच्या 1-2 टक्क्यांनी सुरुवात करा, 5 च्या वर जाऊच नका. शेवाळातली कर्बोदकं माशाला नीट पचत नाहीत, जास्त झाली की वाढ मंदावते. तिलापिया सर्वभक्षी म्हणून थोडं सोसतो, मांसाहारी मासे तेवढंही सोसत नाहीत.

आता खरी चूक कुठे होते सांगते. लोक पावडर कोरडीच खाद्याच्या दाण्यांवर भुरभुरतात. एक काम करा, तसे दहा दाणे काचेच्या ग्लासभर पाण्यात टाका आणि दोन मिनिटं बघत बसा, पावडर सुटून पाणी गढूळ होतं की नाही बघा, झालं म्हणजे पैसे तळ्यात चाललेत. आधी दाण्यांना थोडं तेल चोळा, मग पावडर लावा, सावलीत वाळवा आणि परत ग्लासात टाकून बघा.

घेताना आर्सेनिक आणि जड धातूंचा तपासणी रिपोर्ट मागा, तपकिरी शेवाळात आर्सेनिक साठतं. पोत्यात गुठळ्या असतील तर घेऊच नका, ओल लागलीय म्हणजे बुरशी आलीच.

आणि पहाटे तळ्यातला ऑक्सिजन मोजता का? अमोनिया? हे बिघडलेलं असेल तर शेवाळ बिचारं काय करणार. शक्य असेल तर दोन टाक्यांत सारखी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडा, एकीलाच पावडर द्या, महिनाभर मेलेले मासे आणि वजन वहीत लिहा.

प्रश्न: ओलं शेवाळ आणून स्वतः केलं तर?

उत्तर: चालेल की. गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा म्हणजे मीठ-वाळू जाते, कडक वाळवा, मैद्यासारखं बारीक दळा. फक्त ओल्या शेवाळात 80 ते 90 टक्के पाणीच असतं, तेव्हा दहा किलो आणलंत तर हातात किलो-दोन किलोच पडेल.