दमट मुंबईत डोळे कोरडे कसे?

प्रश्न : मी ५४ वर्षांची आहे. भांडुपला राहते आणि फोर्टमधल्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. दिवसभर कॉम्प्युटर आणि डोक्यावर एसीचा झोत. गेली काही वर्षं डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. संध्याकाळच्या लोकलमध्ये खिडकीशी बसले की घळाघळा पाणी वाहतं आणि समोरच्या बायका विचारतात, काय झालं? सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. रांजणवाडीही अधूनमधून होते. डॉक्टरांनी ‘डोळे कोरडे आहेत’ म्हणून कृत्रिम अश्रूंचे थेंब दिले. दिवसातून सात-आठ वेळा घालते, पण फरक तेवढ्यापुरताच. मध्ये केमिस्टने अँटिबायोटिकचे थेंब दिले, त्याने चार दिवस छान वाटलं, मग पुन्हा तेच. ठाण्याच्या माझ्या जावेला तिच्या डॉक्टरांनी ॲझिथ्रोमायसिनचे थेंब दिले आणि तिला खूप आराम पडला. मीही घालून बघू का? आणि मुंबईची हवा इतकी दमट, तरी डोळे कोरडे कसे? (धुळीच्या ॲलर्जीसाठी रात्री सिट्रिझिन घेते. बाकी औषध नाही.)
— एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, जावेचे थेंब तुम्हालाही लागू पडतील अशी शक्यता आहे. रांजणवाडी आणि चिकटणाऱ्या पापण्या वाचून मला ती बरीच वाटते. पण त्याआधी केमिस्टने दिलेल्या थेंबांचा खोका शोधा आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचा. अँटिबायोटिकच्या नावापुढे डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा लोटेप्रेडनॉल असं काही छापलेलं असेल, तर तुमचे ते चार सुखाचे दिवस बहुधा स्टेरॉइडचे होते. स्टेरॉइडने लाली आणि चुरचुर झटपट उतरते, म्हणून माणूस पुन्हा तीच बाटली मागतो. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. दाब वाढलेला आपल्याला कळत नाही. बाटली सापडली तर तपासणीला जाताना सोबत न्या. (जावेच्या बाटलीतले थेंब घालून बघितलेच असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. बऱ्याच जणी हे सांगत नाहीत.)

आता दमट हवेचं. अश्रूंमध्ये पाणी असतं, बुळबुळीत श्लेष्मा असतो आणि सगळ्यात वर तेलाचा पातळ थर असतो. हे तेल पापण्यांच्या कडेतल्या ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत त्या साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. त्यांची तोंडं बुजली, तेल घट्ट झालं, की वरचा थर विरतो आणि खालचं पाणी भराभर उडून जातं. शिवाय बाहेरची हवा कितीही दमट असली तरी तुमचा दिवस जातो एसीच्या कोरड्या झोताखाली. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात, आणि मिटल्या तरी अर्धवट. लोकलच्या खिडकीतला वारा उरलंसुरलं पाणी पळवतो. मग डोळा चिडून एकदम पाणी सोडतो, पण त्यात तेल पुरेसं नसल्यामुळे ते टिकत नाही, गालावरून ओघळतं. समोरच्या बायकांना काय सांगायचं ते आता तुम्हाला कळलं असेल.

ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, पण त्याचं काम इथे वेगळं आहे. अमेरिकेत हे १ टक्क्याचे थेंब २००७ मध्ये मंजूर झाले ते जंतूंमुळे डोळे येतात त्यावरचा उपचार म्हणून. पापण्यांच्या ग्रंथींसाठी डॉक्टर ते स्वतःच्या निर्णयाने देतात. पापणीच्या कडेवरचे जंतू आपल्या विकरांनी (एन्झाइम्सनी) तेलाचं विघटन करतात, त्यातून डोळ्याला झोंबणारे पदार्थ तयार होतात. औषध ते जंतू कमी करतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पापणीचा दाह शमवतं. ते पापणीत मुरून बरेच दिवस टिकतं, म्हणून सहसा पहिले दोन दिवस दोनदा आणि पुढे काही आठवडे दिवसातून एकदाच घालायला सांगतात. घातल्यावर चुरचुरतं, थोडा वेळ धूसर दिसतं. म्हणून बहुतेक जण रात्री झोपताना घालतात. कोर्स संपल्यावर काहींचा आराम टिकतो, काहींचा काही महिन्यांत ओसरतो. यातून अश्रू वाढत नाहीत. तुमच्या डोळ्यात मुळात पाणीच कमी बनत असेल, तर या थेंबांनी फारसं काही होणार नाही, आणि उगाच अँटिबायोटिक वापरून जंतूंना मात्र त्याची सवय होईल. ॲझिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनच्या गोळ्यांनी कधी पुरळ आलं असेल तर या वाटेला जाऊच नका.

तेव्हा पाणी कमी की तेल, हे आधी ठरवून घ्या. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत किती ओलावते ते मोजतात. ५ मिलीमीटरच्या आत राहिली तर पाणी खरंच कमी. मग पिवळा रंग घालून निळ्या उजेडात अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते बघतात. १० सेकंदांच्या आत फाटला तर तो अस्थिर. आणि डॉक्टरांनी बोटाने पापणीची कड दाबून तेल कसं येतं ते बघायला हवं. हे शेवटचं अर्ध्या मिनिटाचं काम गर्दीच्या ओपीडीत राहून जातं, म्हणून तुम्हीच म्हणा, ‘डॉक्टर, पापण्या दाबून बघता का?’ खाजगी परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत आणि सरकारी जे. जे.मध्ये नेत्रविभाग आहेत. सकाळी लवकर जा.

थेंब मिळोत न मिळोत, शेक आजपासून सुरू करा. पौषातल्या एखाद्या गार सकाळी खोबरेल तेल बाटलीत थिजतं आणि उन्हात ठेवलं की सुटतं, तसंच या ग्रंथींतल्या तेलाचं. स्वच्छ सुती कापड गरम पाण्यात बुडवून, पिळून, आधी मनगटावर लावून बघा, मग मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. कापड दोन मिनिटांत गार होतं, तेव्हा परत बुडवत राहा. पाच ते दहा मिनिटं शेक मिळायला हवा. लगेच वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर बोटाने हलकेच निपटा, आणि कड ओल्या कापसाने पुसा. महिनाभर नेमाने केल्याशिवाय ‘फरक नाही’ म्हणू नका. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक शेक आठवड्याभरात सोडतात आणि नव्या थेंबांची चिठ्ठी मागतात!

तुमचे कृत्रिम अश्रू सात-आठ वेळा होत असतील तर बिनप्रिझर्व्हेटिव्हचे मागून घ्या. साध्या बाटलीतलं बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह इतक्या वेळा गेलं की तेच डोळ्याला त्रास देतं. सिट्रिझिननेही डोळे कोरडे होतात. रोज खरंच लागते का, हे देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. पाळी जाण्याच्या वयात हा त्रास वाढतो, पण तोंडही कोरडं पडत असेल, सुका घास पाण्याशिवाय उतरत नसेल, सांधे दुखत असतील, तर शोग्रेन सिंड्रोमसाठी (यात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते) रक्ततपासणी करून घ्या. ऑफिसात एसीची झडप दुसरीकडे वळवायला सांगा, कुरकुर झाली तरी. स्क्रीन डोळ्यांपेक्षा जरा खाली ठेवा. लोकलमध्ये साधा चष्मा घाला किंवा आतली सीट बघा.

एका डोळ्यात जोराचं दुखलं, उजेड सहन होईना किंवा नजर कमी झाली, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : नातवाचे डोळे आले आहेत. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे अँटिबायोटिक थेंब उरले आहेत. तेच त्याला घातले तर चालतील का?
— एक आजोबा, गिरगाव

उत्तर : नको, आजोबा. ऑपरेशननंतरच्या थेंबांत बहुतेकदा स्टेरॉइड असतं, आणि उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकायचीच असते. पावसाळ्यात येणारे डोळे बहुधा विषाणूंमुळे येतात, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, टॉवेल आणि उशी वेगळी करा, सगळ्यांनी हात धुवा आणि दोन-चार दिवस त्याला शाळेत पाठवू नका. घट्ट पिवळा पू येत असेल, डोळा फार दुखत असेल किंवा नातू तान्हा असेल, तर आजच डॉक्टरांकडे न्या.