जुन्या पिकअपचा मीटर-संच बदलताना : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न जुन्या पिकअपच्या मीटर-संचाबद्दल, म्हणजे डॅशबोर्डवरच्या काट्यांच्या संचाबद्दल, आहेत. कुणी दुसऱ्या गाडीचा संच आणून बसवलाय, कुणाला काटे जागेवर आणायचेत. सगळ्यांना एकच विनंती आहे : काट्याला हात लावण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. काटा स्वतः काहीच मोजत नाही, त्याच्यापर्यंत जे पोचतं तेच तो दाखवतो. आणि जुन्या गाडीत गडबड बहुतेक वेळा त्या पोचण्याच्या वाटेवरच असते.

प्रश्न : फोर्ड पिकअपचा मीटर-संच तडकला म्हणून नंतरच्या वर्षांतल्या गाडीचा संच वायरिंग जुळवून बसवला. आता टाकी काठोकाठ भरली की इंधनाचा काटा रिकाम्यावर बसतो आणि टाकी संपत आली की अर्ध्याच्या आसपास येतो. नवा मीटर खराब आहे का?

मीटर चांगला असावा. तुमच्या टाकीतला फ्लोट (इंधनावर तरंगणारा भाग) आणि नवा मीटर यांची भाषा वेगळी आहे. फ्लोटला जोडलेला सेंडर म्हणजे पातळीनुसार बदलणारा रेझिस्टन्स. जुन्या फोर्ड पिकअपमध्ये टाकी रिकामी असताना तो सुमारे ७३ ओहम आणि भरलेली असताना १० ओहम असायचा. १९८० च्या दशकात हे उलटलं : रिकाम्याला १६, भरलेल्याला १५८. तुमचा सेंडर जुना आणि मीटर नवा आहे. टाकी भरली की सेंडर १० ओहम देतो, नवा मीटर ते १६ च्याही खाली म्हणून 'रिकामी' वाचतो. टाकी रिकामी झाली की ७३ ओहम येतात, ते त्याच्या पट्टीवर मधोमध पडतात. तुम्ही सांगितलेलं लक्षण तंतोतंत हेच आहे. जनरल मोटर्सच्या अनेक जुन्या पिकअपमध्ये तिसराच हिशेब दिसतो : रिकाम्याला ०, भरलेल्याला ९०. म्हणून दुसऱ्याचा संच घेताना तो खाचेत बसतो का हे बघण्याआधी ओहम विचारा.

खात्री करून घ्यायची असेल तर टाकीजवळचा सेंडरचा कनेक्टर काढा आणि गाडीच्या बाजूची वायर १५ ओहमच्या रेझिस्टरमधून अर्थला जोडा. बारीक रेझिस्टर तापतो, त्यामुळे दोन वॅटचा किंवा त्याहून मोठा घ्या. चावी ऑन करून मिनिटभर थांबा, कारण टाकीतल्या हेलकाव्यांनी काटा नाचू नये म्हणून हे मीटर मुद्दाम सुस्त ठेवलेले असतात. काटा रिकाम्यावर आला पाहिजे. मग १५० ओहम लावा, काटा भरलेल्याजवळ गेला पाहिजे. दोन्ही जमलं तर मीटर आणि टाकीपर्यंतची वायर, दोन्ही ठीक आहेत.

उपाय म्हणजे टाकीत नव्या मीटरला जुळणारा सेंडर बसवणं. ओळीत जादा रेझिस्टर घालून हे सुटणार नाही, कारण इथे दिशाच उलटी आहे. सेंडरचे आकडे मीटरला जुळवून देणारे छोटे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मिळतात, टाकी उतरवणं शक्य नसेल तर तेही चालेल. एक मोह मात्र टाळा : जुन्या संचातला इंधनाचा मीटर काढून नव्या संचात बसवू नका. जुने मीटर आतल्या तारेच्या उष्णतेवर चालतात आणि त्यांना रेग्युलेटरमधून सरासरी ५ व्होल्टच्या आसपास वीज मिळते. त्यांना सरळ १२ व्होल्ट लागले तर ते जळतात.

सेंडर बदलल्यावर त्याचं अर्थिंगही तपासा. सेंडरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत रेझिस्टन्स जवळजवळ शून्य यायला हवा. गंजामुळे तिथे पाच-सात ओहम वाढले तर तेवढी चूक थेट काट्यावर उमटते, आणि लोक विनाकारण मीटर उघडत बसतात.

प्रश्न : २८ इंची टायरच्या जागी ३१ इंची लावले, त्याच सुमारास संचही बदलला. स्पीडोमीटर केबलचा आहे आणि जीपीएसपेक्षा कमी वेग दाखवतो. काटा काढून थोडा पुढे बसवू का?

नको. आधी चूक कोणत्या प्रकारची आहे ते ठरवा. सरळ, मोकळ्या रस्त्यावर वेग स्थिर ठेवा, शेजारी बसलेल्या माणसाला जीपीएसवर ४०, ६० आणि ८० च्या वेळी काटा कुठे आहे ते लिहून घ्यायला सांगा. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच, समजा ५ किलोमीटर, आला तर काटा चुकीच्या जागी बसलाय. वेगाबरोबर फरक वाढत गेला तर चूक प्रमाणाची आहे, आणि ती काटा सरकवून जात नाही. एका वेगाला बरोबर करायला जाल तर बाकी सगळे चुकतील.

तुमच्या बाबतीत प्रमाणच असणार. ३१ भागिले २८ म्हणजे १.१०७. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८८ च्या वर असते. मोठं चाक तेवढ्याच अंतरात कमी फेरे घेतं, म्हणून केबलही कमी फिरते. इलाज गिअरबॉक्सपाशी आहे. केबलच्या टोकाला प्लास्टिकचं छोटं दातेरी चाक असतं, ते काढून दाते मोजा. समजा २१ आहेत. २१ ला २८ ने गुणून ३१ ने भागलं की १८.९७ येतात, म्हणजे १९ दात्यांचं चाक हवं. दाते कमी झाले की केबल जास्त फिरते. मोठा फायदा असा की स्पीडोमीटरबरोबर किलोमीटरची नोंदही दुरुस्त होते, कारण दोन्ही एकाच केबलवर चालतात. नुसता काटा सरकवला असता तर सर्व्हिसचं अंतर चुकतच राहिलं असतं.

टायरवर छापलेल्या मापावर मात्र विसंबू नका. वजनाने टायर दबतो. चाकावर आणि जमिनीवर खडूने खूण करा, गाडी चाकाच्या एका पूर्ण फेऱ्याइतकी ढकला आणि जमिनीवरचं अंतर मोजा. जुन्या टायरचंही असंच माप मिळालं तर त्या दोन आकड्यांचं गुणोत्तर धरा.

प्रश्न : टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणारा मीटर) आयडलला, म्हणजे गाडी उभी असून रेस न देता, १२०० दाखवतो, इंजिनाचा आवाज मात्र नेहमीसारखाच आहे.

संच चार सिलिंडरच्या गाडीचा आणि तुमचं इंजिन सहा सिलिंडरचं आहे का? असेल तर खरा आयडल ८०० आहे. कॉइलकडून चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन पल्स (विजेचे ठोके) येतात, सहाच्या इंजिनात तीन, त्यामुळे काटा दीडपट जातो. काही टॅकोमीटरच्या मागे सिलिंडरची निवड करायची सोय असते, ती बघा. नसेल तर तुमच्या जुन्या संचातला टॅकोमीटर वापरा.

प्रश्न : मीटर-संचाच्या मागचे सगळे बल्ब काढून एलईडी लावले. दिसतंय छान, पण गाडी चालू केल्यावर बॅटरी चार्ज होत नाही. रेस दिली की मग होते.

चार्जिंगच्या दिव्याचा जुना बल्ब परत लावा. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटर जागा होण्यासाठी लागणारा सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून जातो. एलईडीतून तेवढा करंट जात नाही. बाकीचे एलईडी राहू द्या. एखादा पेटत नसेल तर होल्डरमध्ये उलटा करून बसवा.

बल्ब बदलताना मागच्या पातळ प्लास्टिकच्या सर्किटवर जोर देऊ नका. होल्डर फिरवताना त्यावरची तांब्याची पट्टी उचकटते, आणि मग एकाच बाजूचे दिवे जातात. संच उतरवताना बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. संच ओढण्याआधी हात मागे घालून स्पीडोमीटरची केबल सोडवा. गिअर स्टिअरिंगजवळ असेल तर गिअर दाखवणारी बारीक दोरीही सोडवा. ती तुटली की पुन्हा ओवणं फार त्रासाचं आहे.

प्रश्न : संच इलेक्ट्रॉनिक आहे. स्टेपर मोटर (काटे पायरीपायरीने फिरवणाऱ्या छोट्या मोटर) बदलल्या, आता प्रत्येक काटा थोडा थोडा चुकतो.

मोटर बदलताना काटे उपटावे लागतात आणि परत बसवताना जागा हुकते. चालू झाल्यावर संच मोटरला एका टोकाला नेऊन टेकवतो आणि तिथून पायऱ्या मोजतो. काटा कुठे बसवलाय हे त्याला माहीत नसतं. चावी ऑन करून मोटरला टोकापर्यंत जाऊ द्या, इंजिन चालू करा, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावा. स्कॅनरवर ७५० आरपीएम दिसत असतील तर काटा ७५० वर अलगद टेकवा. तापमानाचंही तसंच करा. काटा पूर्ण दाबून बसवू नका, डायलला घासतो. आणि बसलेला काटा हाताने फिरवू नका, आतले दाते नाजूक असतात.

प्रश्न : माझी गाडी २,९०,००० किलोमीटर चालली आहे, आणलेल्या संचावर १,४०,००० आहेत. तसंच ठेवलं तर चालेल?

नोंद न ठेवता, नाही. पुढे ही गाडी घेणारा माणूस त्या आकड्यावर विश्वास ठेवून पैसे मोजेल, टायमिंग बेल्ट आणि गिअर ऑइलचा हिशेब करेल. त्याला फसवण्याचा हक्क कुणालाही नाही, आणि अनेक देशांत तो गुन्हा आहे. दोन्ही संचांवरच्या आकड्यांचे तारखेसह फोटो काढा, बदल सर्व्हिसच्या कागदांत लिहा. आकडा खरा करून घेता येत असेल तर अधिकृत ठिकाणी तो गाडीच्या खऱ्या किलोमीटरवर आणून घ्या आणि त्याची पावती जपून ठेवा. विकताना हे सगळं स्वतःहून दाखवा.

प्रश्न : संच बदलल्यापासून चावी ऑन करताच तापमानाचा काटा लालवर जातो. इंजिन गार असतं.

एका वायरचा सेंडर असेल तर ती वायर सेंडरवरून काढा. काटा खाली आला तर वायर ठीक आहे, सेंडर खराब आहे किंवा या मीटरशी जुळत नाही. काटा लालवरच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. संच ढकलताना ती मागे चिमटली असण्याची शक्यता मोठी आहे, आधी तिथे बघा.

सेंडर तपासायचा तर तो काढून पाण्याच्या भांड्यात दोरीने लटकवा, तळाला टेकू देऊ नका. सोबत थर्मामीटर ठेवा, मल्टिमीटरचं एक टोक पिनेला आणि दुसरं पितळी बॉडीला लावा. पाणी तापेल तसा रेझिस्टन्स उड्या न मारता उतरत गेला पाहिजे. दर १० अंशांना आकडा लिहा आणि तुमच्या मीटरच्या मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून पाहा. परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर गुंडाळू नका, सेंडरला अर्थ त्या आट्यांतूनच मिळतो. तपासणी पुरी होईपर्यंत घाटात किंवा ओझं घेऊन जाऊ नका, कारण इंजिन खरंच तापलं तरी हा काटा तुम्हाला वेगळं काही सांगणार नाही.