लिंकिन पार्कचा बदललेला साउंड चाहत्यांना एवढा का खुपतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बीडचे, चुलतभावाच्या मोबाइलवरून शाळेत असतानाच लिंकिन पार्क या अमेरिकी रॉक बँडचं वेड लागलं. आता नव्या गायिकेबरोबरचा 'फ्रॉम झीरो' हा अल्बम दोन-तीन गाण्यांच्या पुढे ऐकवत नाही. साउंड पार बदलला असं तुम्हाला वाटतं, मित्र म्हणतात तू खरा फॅनच नाहीस, आणि बँडने साउंड बदलला की लोक एवढे का चवताळतात हे तुम्हाला कळत नाही.

पहिलं सांगतो ते तुम्हाला पटायला जड जाईल. 'फ्रॉम झीरो'चा साउंड फारसा बदललेलाच नाही. २००३ च्या 'मिटिओरा'नंतर या बँडने जे काही केलं, त्यात जुन्या साच्याच्या सगळ्यात जवळ जाणारा अल्बम हाच आहे. कडव्याला माइक शिनोडाचा रॅप, धृवपदाला मोठा आवाज, मध्ये जो हानचं स्क्रॅचिंग (तबकडी मागेपुढे घासून काढलेला आवाज), जड गिटार, आणि गाणी तीन-साडेतीन मिनिटांत आटोपलेली. अख्खा अल्बम जेमतेम बत्तीस मिनिटांचा. २००० चा 'हायब्रिड थिअरी'सुद्धा अडतीस मिनिटांच्या आतच होता. अल्बमच्या नावातसुद्धा त्यांनी बँडचं पहिलं नाव 'झीरो' घातलंय.

मग तुम्हाला तो परका का वाटतो? याचं उत्तर आपण हा बँड कशावर ऐकला यात आहे, असं माझं ठाम मत आहे.

मी परभणीचा. आमच्याकडे रॉक आला तो मेमरी कार्डावर. बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत कार्ड भरून मिळायचं. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर 'इंग्लिश' नावाचा एकच फोल्डर, त्यात एकॉन, एन्रिके, ब्रायन अ‍ॅडम्स आणि लिंकिन पार्क एकाच पंगतीला. कुठल्या गाण्याचा कुठला अल्बम, कुठलं साल, कशाचा पत्ता नाही. नावापुढे कुठल्यातरी वेबसाइटचं शेपूट. फाइल इतकी दाबलेली की झांजांचा आवाज पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा यायचा. आणि हे सगळं वाजायचं चायना मोबाइलच्या स्पीकरवर, ज्याला आवाज भरपूर आणि बेस शून्य.

आता असल्या स्पीकरवर काय पोचतं ते बघा. बेस गिटार पोचत नाही. ब्रॅड डेल्सनच्या गिटारचा जो जाड थर आहे, त्यातला खालचा अर्धा भाग गायब होतो. ड्रमचा नुसता टपटप आवाज उरतो. सगळं गाळून जे पोचतं ते म्हणजे तेव्हाचा मुख्य गायक चेस्टर बेनिंग्टनचा आवाज. तो आवाजच असा होता की कसल्याही भोंग्यातून तो चिरत बाहेर यायचा. २००७ च्या 'मिनिट्स टू मिडनाइट'मधल्या 'गिव्हन अप'मध्ये तो एका दमात सतरा सेकंद किंचाळतो. ते आम्ही लोडशेडिंगच्या अंधारात गच्चीवर बसून ऐकायचो आणि दर वेळी कोणीतरी श्वास धरून बघायचं, आपल्याला जमतं का.

थोडक्यात, आपल्यासाठी लिंकिन पार्कचा साउंड म्हणजे चेस्टरचा गळा. बाकीचं वाजवणं आपण फार उशिरा, बऱ्या हेडफोनवर ऐकलं.

याचा एक चांगला परिणामही झाला. अमेरिकेत आणि युरोपात या बँडचे चाहते दर अल्बमला भांडत होते, तेव्हा आपल्याला त्याचा गंधही नव्हता. 'मिनिट्स टू मिडनाइट'ला रिक रुबिन निर्माता आला, रॅप दोनच गाण्यांपुरता उरला, गिटारचे सोलो आले. तिकडे जुने चाहते म्हणाले, हा आमचा बँड नाही. चार वर्षं वाट बघितली होती त्यांनी. आपल्याला २००० चं आणि २००७ चं गाणं एकाच दुपारी, एकाच कार्डावर मिळालं. एकामागे एक लागलं आणि दोन्ही आवडली. ज्याने वाट बघितलेली असते त्याच्या मनात पुढचा अल्बम आधीच वाजत असतो, आणि खरा अल्बम त्याच्याशी जुळला नाही की फसवलं गेल्यासारखं वाटतं. चवताळण्याचं मूळ मला यातच दिसतं.

सगळ्यात मोठा गदारोळ २०१० च्या 'अ थाउजंड सन्स'वर झाला, आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम तेच आहे. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे तो अल्बम अल्बम म्हणून पोचलाच नाही. पंधरा तुकडे आहेत, पण सलग अठ्ठेचाळीस मिनिटांची एकच रचना आहे ती. मध्ये छोटे छोटे दुवे आहेत, एक तर अठराच सेकंदांचा. त्यातल्या एका दुव्यात रॉबर्ट ओपेनहायमरचा खरा आवाज आहे, अणुबाँबच्या पहिल्या चाचणीबद्दल बोलतानाचा, गीतेतलं वचन सांगतानाचा. दुसऱ्या ठिकाणी मार्टिन ल्यूथर किंग बोलतात. आमचा कार्डवाला जागा वाचवायला असल्या फायली उडवून टाकायचा. त्याचं म्हणणं, "अर्धवट डाउनलोड झाल्यात, गाणंच न्हाई यात." त्यामुळे 'द कॅटलिस्ट' आणि 'वेटिंग फॉर द एंड' तेवढी आमच्यापर्यंत आली, सुटी सुटी. अल्बमचं नावच मुळात गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या बाराव्या श्लोकावरून, 'दिवि सूर्यसहस्रस्य'वरून आलंय. ज्ञानेश्वरांचं आपेगाव ज्या मुलखात आहे, जिथे गावोगावच्या सप्ताहात विश्वरूपदर्शनाचा अध्याय वाचला जातो, तिथल्या पोरांना हा अल्बम कोणीतरी नीट समजावून द्यायला हवा होता. मला तो फार उशिरा सलग ऐकायला मिळाला याची आजही हळहळ वाटते.

चाहत्यांचं ऐकलं तर काय होतं, हेही याच बँडने करून दाखवलंय. २०१४ चा 'द हंटिंग पार्टी' जड आहे, रागीट आहे, टॉम मोरेलो आणि डॅरन मलाकियानसारखे गिटारवाले पाहुणे आहेत. जुना साउंड मागणाऱ्यांना अगदी हातात आणून दिल्यासारखा. अमेरिकेच्या बिलबोर्डवर तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. २०१७ चा 'वन मोअर लाइट', ज्याला लोकांनी पॉप म्हणून शिव्या घातल्या, तो पहिल्या क्रमांकावर आला. मागणी करणारे आणि ऐकणारे दर वेळी तेच लोक असतात असं नाही.

'वन मोअर लाइट' आला तोवर आपल्याकडे जिओ येऊन काही महिने झाले होते, आणि पहिल्यांदाच आपणही जगाबरोबर, त्याच दिवशी अल्बम ऐकला. भांडणही त्याच दिवशी आपल्या हातात आलं. माझ्या ओळखीच्या कितीतरी पोरांनी आधी शिव्या वाचल्या आणि मग गाणी ऐकली. अल्बम १९ मे रोजी आला, २० जुलैला चेस्टर हे जग सोडून गेला. दोन महिन्यांत. मला त्या अल्बमचं ड्रम-प्रोग्रामिंग तेव्हाही गुळगुळीत वाटलं, आजही वाटतं. पण शीर्षकगीत, जे त्यांनी कॅन्सरने गेलेल्या आपल्या एका सहकारी मैत्रिणीसाठी लिहिलं होतं, ते गाण्यासाठी तोच आवाज लागत होता. किंचाळणारा गळा इतका खाली, इतका जवळ येऊन गातो हे ऐकायला त्या वेळी फार थोडे लोक थांबले.

हे काही याच बँडचं नशीब नव्हे. बॉब डिलनने १९६५ मध्ये इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली, तर पुढच्या वर्षी मँचेस्टरला प्रेक्षकांतून त्याला 'जुडास' म्हणून ओरडलं गेलं. मेटॅलिका या मेटल बँडने १९९६ मध्ये नुसते केस कापले तरी लोक दुखावले, आणि २००३ च्या अल्बममधल्या स्नेअर ड्रमचा डब्यासारखा आवाज अजून निघतो वादात. याबद्दल लिहिणारे खूप आहेत, मी लांबवत नाही.

तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो, म्हणजे एमिली आर्मस्ट्राँगकडे. सप्टेंबर २०२४ मध्ये बँड परत आला तेव्हा ती गायिका म्हणून आणि कॉलिन ब्रिटन ड्रमवर. जुना ड्रमर रॉब बोर्डन बाहेर पडला, ब्रॅड स्टुडिओत काम करतो पण दौऱ्यावर जात नाही. म्हणजे 'हायब्रिड थिअरी'च्या काळातले सहापैकी तिघेच आता स्टेजवर दिसतात: माइक, जो हान आणि फीनिक्स. तरी तुमच्या प्रश्नात ड्रमरचं नावही नाही. राग सगळा गळ्यावर आहे, आणि तो का आहे हे वर लिहिलंच आहे.

आपल्याकडच्या भजनाकडे बघा. सप्ताहात रूपाचा अभंग रोज होतो. गायनाचार्य दर वर्षी वेगळा, कधी परळीकडचा, कधी गंगाखेडचा, कोणाचा आवाज घोगरा, कोणाचा पातळ. कोणी तक्रार करत नाही. पण एखाद्याने त्या अभंगाला सिनेमाची चाल लावली की म्हातारी माणसं टाळ खाली ठेवतात. तिथे गाणं चालीत असतं, ते कोणाच्याही गळ्यातून येऊ शकतं. रॉकमध्ये आपण उलटं शिकलो: चाल बदलली तर कुरकुर करू, पण गळा बदलला तर उठून जाऊ. एमिली जुनी गाणी गाते तेव्हा मी ती भजनाच्या कानाने ऐकायचा प्रयत्न करतो. 'नम्ब' हे त्यांचं जुनं गाणं तिच्या गळ्यात वेगळं लागतं, पण ते 'नम्ब'च आहे, आणि हजारो लोक सोबत गात असतात तेव्हा ते कोणा एकाचं उरतही नाही. हेही लक्षात घ्या की चेस्टर स्वतः या बँडचा पहिला गायक नव्हता. आधीचा गायक सोडून गेला आणि १९९९ मध्ये हा आला.

तिच्यावर माझं काही आंधळं प्रेम नाही. 'हेवी इज द क्राउन'मधली तिची लांब किंकाळी जबरदस्त आहे, पण ती ऐकताना 'गिव्हन अप' आठवणारच, आणि ते बँडलाही माहीत होतं. मला ते जरा हिशोबाने केलेलं वाटतं. एकूण अल्बमच मला जपून केलेला वाटतो. 'अ थाउजंड सन्स' करणारा बँड जुन्या साच्यात परत गेला, कारण गळा आणि साउंड दोन्ही एकदम बदलले असते तर लोकांनी दारातही उभं केलं नसतं. कारण समजतं, पण पुढच्या खेपेला त्यांनी हा साचा मोडावा अशी माझी फार इच्छा आहे.

मित्रांचं 'खरा फॅन' वगैरे मनावर घेऊ नका. ज्याला फरक पडत नाही तो असा प्रश्न लिहीत बसत नाही. तुम्हाला अल्बम नाही आवडला तर नाही आवडला, कोणाला हिशोब द्यायचा नाही. मात्र ज्या बाईने चेस्टरची जागा मागितली नव्हती, तिच्या व्हिडिओखाली जाऊन 'तू चेस्टर नाहीस' लिहिणं मला क्रूर वाटतं. ते तिला माहीत आहे, रोज स्टेजवर चढताना माहीत असतं.

करून बघायचं असेल तर असं करा. मोबाइलच्या स्पीकरवर नको, वायरचा साधा पण बरा हेडफोन घ्या. आधी 'अ थाउजंड सन्स' पहिल्यापासून शेवटपर्यंत, शफल बंद करून, एकही दुवा न वगळता ऐका. 'फ्रॉम झीरो'ला दुसऱ्या दिवशी हात लावा, आणि 'कॅज्युअल्टी'पासून सुरू करू नका, तिथे ती इतकी किंचाळते की तुलना लगेच डोकं वर काढेल. 'ओव्हर ईच अदर' लावा. त्यात माइकचा रॅप नाही, ती एकटीच गाते, जुन्या जोडीशी ताडून बघायला काही उरत नाही. त्यातही अडखळलात तर नेमकं कुठे अडखळलात ते खाली लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.