जनुके वाचून झाली, मग संशोधन कशाचे?

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत हिवतापाच्या परजीवीच्या जनुकांवर पीएच.डी. करते. या परजीवीचा जनुकसंच २००२ सालीच वाचून झाला, असे ऐकले. मग पाच-सहा वर्षे करण्यासारखे उरते काय? शिवाय एवढ्या व्यापातही ती सतारीचा रियाज सोडत नाही, याची तिच्या आईला काळजी वाटते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : या परजीवीची, म्हणजे प्लाझ्मोडियम फाल्सिपारमची, १४ गुणसूत्रे व सुमारे ५,३०० जनुके २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, हे खरे, परंतु त्यांतील बऱ्याच जनुकांचे काम अद्याप उलगडलेले नाही, आणि एखादा परजीवी औषधाला दाद का देत नाही, हे नुसता क्रम वाचून कळत नाही. त्यासाठी दाद देणारा व न देणारा अशा दोन वाणांचा संकर घडवतात. नर-मादी पेशींचे मीलन डासाच्या पोटातच होत असल्यामुळे डासांना संसर्गित रक्त पाजणे ओघाने आलेच. पुढे संततीतील एकेक परजीवी वेगळा वाढवून, औषधाला पुरून उरलेल्यांत गुणसूत्राचा कोणता तुकडा समान आहे, हे शोधायचे. क्लोरोक्विन या हिवतापावरील औषधाला दाद न देण्याचा माग असाच सातव्या गुणसूत्रापर्यंत लागला आणि २००० साली पीएफसीआरटी हे जनुक सापडले. त्याच्या प्रथिनात ७६व्या जागी लायसिन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल आले, की परजीवीच्या अन्नपोकळीत साठणारे औषध बाहेर काढले जाते. सोबत इतरही बदल असतात, पण ओळखीची खूण हीच.

हे काम वेळखाऊ आहे, कारण वेळापत्रक परजीवीचे असते. तांबड्या पेशीत शिरल्यापासून ती फोडून बाहेर पडेपर्यंत त्याला सुमारे ४८ तास लागतात. सगळे एकाच वयाचे हवे असल्यास सॉर्बिटॉल घालून मोठे मारतात व अंगठीसारखे दिसणारे कोवळे तेवढे ठेवतात. गीम्सा या रंगद्रव्याने रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, परजीवी वाढतात ते पोषक माध्यम बदलणे, ताज्या तांबड्या पेशी देणे, हे दिवाळीतही चुकत नाही.

राहिली सतार. छंदामुळे संशोधन मागे पडते, हे मत मला मुळीच पटत नाही. १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीवर हा परजीवी पाहणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनी त्या शोधावर कविता केली होती. ते कादंबऱ्याही लिहीत. तेव्हा रियाज चालू द्यावा. तो पहाटेच व्हावा, हा आग्रह असल्यास आईने तेवढा सोडावा. पेशी फुटण्याची वेळ मध्यरात्रीची असली, तर मुलगी पहाटे प्रयोगशाळेतून नुकतीच परतत असेल.