जुरकॅट पेशींत टाल१ जनुकात एकही चूक नाही, मग ते बंद का होत नाही?

जुरकॅट म्हणजे टी-पेशींच्या (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) रक्तकर्करोगातून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशी. तुम्ही म्हणता, टाल१चं सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) केलं, प्रथिनाचा कोड शाबूत आहे, गुणसूत्राचा तुकडाही इकडचा तिकडे झालेला नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही याच पेशी वाढवत (दोन दिवस दुर्लक्ष केलं की त्यांचं पोषक द्रव, म्हणजे मीडियम, पिवळं!) हेच कोडं घेऊन बसलो होतो. शोधत होतो जनुकाच्या आत. खोड बाहेर आहे.

टाल१ मुळात खलनायक नाही. गर्भात रक्त तयार व्हायला ते लागतंच. ते काढून टाकलेले उंदराचे गर्भ रक्ताविना दगावतात. थायमस ग्रंथीत टी-पेशी घडू लागली की मात्र ते बंद व्हायला हवं.

जुरकॅटमध्ये या जनुकाच्या सुमारे साडेसात हजार डीएनए-अक्षरं आधी १२ अक्षरं जादा घुसली आहेत, तीही दोनपैकी एकाच प्रतीत. त्यामुळे मिब या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरला (डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनाला) बसायला आयती जागा मिळाली. मिब या पेशींत असतंच, फक्त इथे त्याला पाय ठेवायला जागा नव्हती. ते येताना सीबीपी नावाच्या प्रथिनाला घेऊन येतं, सीबीपी तिथल्या हिस्टोनवर (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर) जनुक चालू ठेवण्याची खूण म्हणून अ‍ॅसिटिल गट चिकटवतं, आणि मग रनएक्स१, गाटा३ ही मिबसारखीच प्रथिनं आणि खुद्द टाल१ तिथेच ठाण मांडतात. म्हणजे टाल१चं प्रथिन आपल्याच जनुकाचं बटण दाबून धरतं. एक सुपर-एन्हान्सर (जनुकाला जोरात चालू ठेवणारा डीएनएचा पट्टा) उभा राहिला, तो १२ अक्षरांवर! बोस्टनच्या डाना-फार्बरमधल्या गटाने २०१४ साली हे दाखवलं. मोल्ट-३ या अशाच दुसऱ्या पेशींत तर दोनच अक्षरं पुरली.

या कर्करोगाच्या सगळ्या रुग्णांत असंच घडतं असं नाही. काहींत साधारण ९० हजार अक्षरं गळून शेजारच्या सिल जनुकाचा प्रमोटर (जनुक चालू करणारा सुरुवातीचा भाग) टाल१ला मिळतो, काहींत गुणसूत्रांची अदलाबदल होते.

तुमचा दुसरा प्रश्न, टाल१ पुढे काय करतं? ते एकटं डीएनएवर बसत नाही, ई२ए किंवा हेब या प्रथिनांशी जोडी जमवून बसतं. ही दोन प्रथिनं एरवी टी-पेशीला मोठं करणारी. ती टाल१कडे अडकली की पेशी अर्धवट वयातच राहते. पण हा अर्धाच हिशेब, कारण रनएक्स१ आणि गाटा३सोबत टाल१ कितीतरी जनुकं चालूही करतं. म्हणून टाल१ नॉकडाउन केल्यावर (म्हणजे त्याचं प्रमाण मुद्दाम घटवल्यावर) काही जनुकं वर आणि काही खाली गेलेली दिसली, तर प्रयोग बिघडला असं समजू नका.

आधी जनुकाबाहेरच्या त्या १२ अक्षरांच्या भागाचा पीसीआर करा (म्हणजे त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढा). १२ अक्षरांचा फरक साध्या अ‍ॅगारोज जेलवर (जिथे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात) सहज निसटतो, थेट सिक्वेन्सिंगलाच पाठवा. एकाच प्रतीत भर असल्यामुळे त्या जागेपासून पुढे सिक्वेन्सिंगच्या आलेखात दुहेरी शिखरं दिसतील.